आम्ल किती, किती वेळ आणि कशावर? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही घरातील आम्लांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेली पत्रे वाचताना दोन प्रकारचे वाचक ठळकपणे दिसले. काहींना ‘ॲसिड’ हा शब्द वेष्टनावर दिसताच ती वस्तू दूर सारावीशी वाटते, तर काहींची, जे स्वयंपाकघरात असते ते निर्धोकच असणार, अशी पक्की खात्री आहे. दोघांचीही गफलत एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे नावावरून गुण ठरवण्यात. आम्ल किती आहे, ते किती वेळ टिकून राहते आणि कशाच्या संपर्कात येते, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी काहीच सांगता येत नाही. पुढील उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो असे वाचनात आले. मग तो हातावर सांडला तर काहीच होत नाही आणि शौचालय स्वच्छ करण्याच्या द्रवाने मात्र कातडी का पोळते? सायट्रिक, ॲसेटिक ही ‘सौम्य’ आम्ले असतात, याचा नेमका अर्थ काय?

उत्तर : पीएच, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘सामू’, ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि आकडा जसजसा खाली येतो तसतशी आम्लता वाढते; ७ च्या वर द्रव अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो. ही पट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. येथे प्रत्येक घर दसपटीचे आहे. सामू ३ असलेल्या द्रवात सामू ४ असलेल्या द्रवापेक्षा हायड्रोजन आयनांचे, म्हणजे आम्लता ठरवणाऱ्या विद्युतभारित हायड्रोजन कणांचे, प्रमाण दहापट असते आणि सामू ५ असलेल्या द्रवापेक्षा शंभरपट. शौचालयासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक द्रवांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्याचा सामू शून्याच्याही खाली जातो. लिंबाच्या रसाशी तुलना केली तर तेथे हायड्रोजन आयनांचे प्रमाण शेकडो पटींनी अधिक भरते. कागदावर दोन-अडीच घरांचा वाटणारा फरक कातडीला इतका मोठा जाणवतो.

आता ‘सौम्य’ या शब्दाविषयी. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडताच त्याचा जवळजवळ प्रत्येक रेणू आपला हायड्रोजन सोडून देतो, म्हणून ते तीव्र आम्ल. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाचे तसे नसते. त्याच्या विरल द्रावणात शंभर रेणूंपैकी साधारण एखादाच रेणू आपला हायड्रोजन सोडतो, बाकीचे तो धरून बसतात, म्हणून ते सौम्य आम्ल. येथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते, आणि घोटाळा होतो तो यापुढेच. तीव्र आणि सौम्य हे आम्लाचे स्वभाव झाले. संहत (कमी पाण्यातले) आणि विरल (पुष्कळ पाण्यातले) हे त्याचे प्रमाण झाले. स्वभावाने सौम्य असलेले आम्लही पुरेसे संहत असेल तर घातक ठरते. व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के किंवा थोडे अधिक ॲसेटिक आम्ल असते आणि बाकीचे मुख्यतः पाणी. तेच आम्ल जवळजवळ शुद्ध स्वरूपात घेतले, तर १६.६ अंश सेल्सिअसखाली ते बर्फासारखे गोठते आणि द्रवरूपात कातडीवर फोड आणते, त्याची वाफ डोळे व घसा जाळते. असे आम्ल आणून घरी पाणी घालून ‘व्हिनेगर’ बनवण्याचा विचार एका वाचकाने कळवला आहे. त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की त्यांनी तसे करू नये. प्रयोगशाळेसाठी किंवा कारखान्यासाठी बनवलेले आम्ल खाण्यासाठी शुद्ध केलेले नसते, आणि मोजमापातील एखादी चूकही अन्ननलिका जाळू शकते.

शिवाय भाजणे हा आम्लाचा एकच अवगुण नाही. बोरिक आम्ल इतके सौम्य असते की हातावर काहीच जाणवत नाही, पण पोटात गेल्यास ते विषारी आहे. गंज काढण्याच्या काही उत्पादनांत वापरले जाणारे ऑक्झॅलिक आम्ल शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते, आणि मोठ्या मात्रेत गेल्यास मूत्रपिंडे निकामी करू शकते. पालकाच्या भाजीतही हेच ऑक्झॅलिक आम्ल असते. पालक आपण निर्धास्त खातो, कारण तेथील मात्रा लहान असते. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना डॉक्टर पालक बेताने खाण्यास सांगतात, तेही याच आम्लामुळे.

प्रश्न : शीतपेयांच्या आणि गोळ्यांच्या वेष्टनावर ‘३३०’ हा क्रमांक दिसतो. हे सायट्रिक आम्ल कारखान्यात बनते असे समजले. ते लिंबातील आम्लापेक्षा निकृष्ट असते का? आणि ते असल्यामुळे ‘क’ जीवनसत्त्व मिळते का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, पण पत्रे पाहता दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला दिसतो, म्हणून आधी त्याचा विचार करू.

लिंबात सायट्रिक आम्ल असते आणि ‘क’ जीवनसत्त्वही असते. दोन्ही एकाच फळात असल्यामुळे ती एकच वस्तू असल्याची समजूत पसरली. ‘क’ जीवनसत्त्वाचे रासायनिक नाव ॲस्कॉर्बिक आम्ल, आणि ते अगदी वेगळे संयुग आहे. लिंबाच्या १०० मिलिलिटर रसात सायट्रिक आम्ल ५ ते ६ ग्रॅम असते, तर ॲस्कॉर्बिक आम्ल ४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभरावा हिस्साही नाही. तोंडाला जो आंबटपणा जाणवतो तो जवळजवळ सर्व सायट्रिक आम्लाचा असतो, जीवनसत्त्वाचा नव्हे. म्हणूनच आंबटपणावरून ‘क’ जीवनसत्त्वाचा अंदाज बांधता येत नाही. पेरू लिंबापेक्षा कितीतरी गोड, तरी त्यात हे जीवनसत्त्व लिंबाच्या कितीतरी पट असते.

या गोंधळाला इतिहासही आहे. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या शल्यवैद्याने स्कर्व्हीने, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, आजारी असलेल्या बारा खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. व्हिनेगर मिळालेल्या जोडीला आणि पाण्यात मिसळलेले विरल सल्फ्युरिक आम्ल मिळालेल्या जोडीलाही तसा गुण आला नाही. आंबटपणा हे औषध नव्हे, हे त्या एकाच प्रयोगात दिसून आले होते, पण औषधी असलेला नेमका घटक हाती यायला १९३० च्या सुमाराचा काळ उजाडावा लागला. तो वेगळा काढणाऱ्या हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्कर्व्हीला रोखणारे म्हणून त्या आम्लाचे नाव ॲस्कॉर्बिक. वेष्टनावर ते हवे असेल तर ३०० हा क्रमांक शोधावा.

सायट्रिक आम्लाचे स्फटिक लिंबाच्या रसातून प्रथम वेगळे केले ते स्वीडिश औषधनिर्माते शील यांनी, १७८४ साली. लॅक्टिक, मॅलिक, टार्टारिक अशी आपल्या ताटातील अनेक आम्ले याच एका माणसाने शुद्ध रूपात जगापुढे आणली. एका औषधांच्या दुकानात, साध्या उपकरणांनी केलेले हे काम वाचताना आजही मन आदराने भरून येते. पुढे १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिले की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेच्या द्रावणात वाढवली असता भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते, आणि आज जगातील बहुतेक सायट्रिक आम्ल त्याच पद्धतीने बनते. बुरशी गाळून काढून आम्ल शुद्ध केलेले असते. त्याचा रेणू आणि लिंबातील रेणू यांत तसूभरही फरक नाही. फरक आहे तो सोबतच्या गोष्टींचा. लिंबाबरोबर जीवनसत्त्व, सुगंधी तेले आणि पोटॅशियमही येते, तर शीतपेयातील ३३० बरोबर बहुधा साखर येते. तक्रार करायची तर त्या साखरेविषयी करावी.

प्रश्न : माझ्या मुलाच्या दातांची झीज झाल्याचे दंतवैद्यांनी सांगितले. तो कोला आणि फळांचे रस दिवसभर थोडे थोडे पीत असतो. मी त्याला प्रत्येक वेळी लगेच दात घासायला लावते, तरीही असे का व्हावे?

उत्तर : आपली तळमळ समजते, म्हणूनच हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते की पेय प्यायल्यानंतर लगेच दात घासण्याने झीज वाढण्याचीच शक्यता आहे.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे दंतवल्क किंवा एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. तो मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा बनलेला असतो आणि तोंडातील सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागतो. कोलाचा सामू २.५ च्या आसपास असतो. त्यात कर्बाम्ल, म्हणजे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, असते खरे, पण मुख्य आम्लता ३३८ या क्रमांकाने लिहिलेल्या फॉस्फोरिक आम्लाची असते. इतके आंबट पेय जिभेला आंबट का लागत नाही, तर त्यात १०० मिलिलिटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर असते आणि ती आंबटपणा झाकून टाकते. जीभ फसते, दात मात्र फसत नाहीत. तोंडातील जीवाणू हीच साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, तेव्हा दातांवर आधी पेयातील आम्लाचा आणि मागाहून जीवाणूंच्या आम्लाचा असा दुहेरी मारा होतो.

या माऱ्याला लाळ तोंड देते. ती आम्ल धुऊन नेते, त्याचे उदासिनीकरण करते, म्हणजे त्याचा आम्लपणा घालवते, आणि गेलेले कॅल्शियम व फॉस्फेट काही प्रमाणात दाताला परत देते. या कामाला तिला साधारण अर्धा ते एक तास लागतो. आपल्या मुलाच्या बाबतीत नेमका हाच वेळ मिळत नाही. एक पेला एका बैठकीत संपवणारा मुलगा दातांना एकदाच आम्लात बुडवतो. तोच पेला तीन तास चघळत पिणारा मुलगा दर दहा मिनिटांनी लाळेचे झालेले काम पुसून टाकतो. दोघांनी प्यायलेले आम्ल तेवढेच असते, झीज मात्र सारखी होत नाही. त्यातच आम्लाने मऊ झालेल्या पृष्ठभागावर ब्रश फिरवला की तो वरचा थर खरवडला जातो.

तेव्हा पेये कमी करणे हा पहिला उपाय, आणि जे प्यायचे ते जेवणाबरोबर, एकदाच. प्यायल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि दात किमान अर्ध्या तासाने घासावेत. घरी काढलेला ताजा संत्र्याचा रसही या नियमाला अपवाद नाही. त्याचा सामू कोलापेक्षा वर, ३.५ ते ४ च्या आसपास असतो, पण त्यातील आम्लाचा एकूण साठा कोलापेक्षा बराच मोठा असल्याने लाळेला त्याचे उदासिनीकरण करायला अधिक श्रम पडतात. फळ चावून खाल्ले तर लाळ भरपूर सुटते, म्हणून रसापेक्षा फळ बरे.

प्रश्न : रोज सकाळी लिंबूपाणी घेतल्याने रक्त ‘अल्कधर्मी’ होते आणि रोग दूर राहतात, हे खरे का?

उत्तर : नाही. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे जादा आम्ल किंवा अल्क लघवीवाटे काढून तो तेथेच राखतात. रक्ताचा सामू या पट्ट्याबाहेर जाणे हे गंभीर आजाराचे लक्षण आहे, आरोग्याचे नव्हे. या समजुतीच्या मुळाशी सत्याचा एक कण आहे, तो असा की शरीरात सायट्रेटचे, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या क्षाराचे, ज्वलन होऊन बायकार्बोनेट हे अल्कधर्मी संयुग तयार होते आणि त्यामुळे लघवी थोडी अल्कधर्मी होऊ शकते. काही प्रकारच्या मुतखड्यांवर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात ते त्यामुळेच. पण तो परिणाम लघवीवरचा आहे, रक्तावरचा नाही. लिंबूपाणी आवडत असेल तर अवश्य घ्यावे, फक्त वर दातांविषयी सांगितलेले ध्यानात ठेवावे.

प्रश्न : स्वच्छतेसाठी व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून वापरावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. खूप फेस येतो, पण डाग काही निघत नाहीत. माझे काय चुकते?

उत्तर : आपले काही चुकत नाही, सल्लाच चुकीचा आहे. व्हिनेगर स्वच्छ करते ते आम्ल म्हणून, आणि सोडा स्वच्छ करतो तो अल्क म्हणून. दोघांना आधीच एकत्र केले की ते परस्परांना संपवतात. फेस हा निसटून जाणारा कार्बन डायऑक्साइड असतो, आणि मागे उरते ते सोडियम ॲसेटेट नावाच्या क्षाराचे पाणी, ज्याचा स्वच्छतेसाठी फारसा उपयोग नाही. हिशेबच मांडायचा तर एक लहान चमचा सोडा ५ टक्क्यांचे साधारण ७० मिलिलिटर व्हिनेगर निकामी करतो. तुंबलेल्या नळीतील सैल घाण हलवण्यापुरता त्या फेसाचा काही उपयोग होतो, एवढेच.

दोघांना वेगवेगळे काम द्यावे. तेलकट, चिकट भांड्यांसाठी सोडा, आणि किटलीत किंवा नळाच्या तोंडाशी बसणाऱ्या पांढऱ्या खरपुडीसाठी आम्ल. ती खरपुडी म्हणजे जड पाण्यातून साचलेले कॅल्शियम कार्बोनेट. किटलीत व्हिनेगर घालून जरा थांबावे आणि आत डोकावून पाहावे. प्रथम काहीच घडत नाही, मग खरपुडीच्या कडांवर मोहरीपेक्षाही बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, ते एकेक करून सुटून वर येऊ लागतात आणि कान जवळ नेला तर मंद सरसर ऐकू येते. तासाभराने कठीण थराचा खालचा आधार सुटतो आणि पापुद्रे तळाशी गळून पडतात. हे सारे खरवडल्याशिवाय होते, फक्त वाट पाहावी लागते. व्हिनेगरचा वास नको असेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक आम्ल विरघळवून वापरावे. मात्र पाणी कोमट असू द्यावे, उकळते नको, कारण फार गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा वेगळाच पांढरा थर बसू शकतो.

हाच उपाय संगमरवरावर कधीही करू नये. संगमरवर आणि किटलीतील खरपुडी हे रसायनदृष्ट्या एकच, कॅल्शियम कार्बोनेट. माझ्याच घरी चकाकत्या संगमरवरी ओट्यावर चिरलेले अर्धे लिंबू रात्रभर पालथे राहिले होते. सकाळी उचलले तेव्हा तेथे फळाच्या आकाराचे एक फिकट, खरखरीत वर्तुळ उमटले होते. तो डाग नव्हता, तेवढ्या भागातील दगडच विरघळला होता, आणि म्हणूनच किती पुसले तरी ते गेले नाही.

प्रश्न : न्हाणीघर अधिक स्वच्छ व्हावे म्हणून मी ब्लीच आणि शौचालयाचा ॲसिडयुक्त द्रव एकत्र ओतला. क्षणात उग्र वास आला, डोळे चुरचुरले आणि दोन दिवस खोकला राहिला. नेमके काय झाले?

उत्तर : आपण क्लोरीन वायू तयार केला. आपण सुखरूप आहात हे वाचून हायसे वाटले. हा प्रश्न आपण लपवला नाही, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत, कारण ही चूक अनेकांकडून होते आणि ती जिवावर बेतू शकते.

ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. बाटलीत अल्क मिसळलेले असते तोवर ते स्थिर राहते. आम्ल मिळताच तो समतोल ढळतो आणि क्लोरीन मोकळा होतो. त्यासाठी शौचालयाचाच द्रव लागतो असे नाही. व्हिनेगर, सायट्रिक आम्ल किंवा खरपुडी काढण्याचा कोणताही द्रव पुरतो. १९१५ च्या २२ एप्रिलला बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने खाली साचून राहतो, आणि लहान, बंद खोलीत वाकून फरशी घासणाऱ्या माणसाचे तोंड नेमके त्याच पातळीवर असते. ब्लीचमध्ये अमोनियायुक्त द्रव मिसळला तर क्लोरामाइन हे वायू तयार होतात, तेही तितकेच वाईट.

असे पुन्हा कधी घडले तर ते मिश्रण पुसण्याच्या किंवा त्यात आणखी काही ओतून ‘शमवण्याच्या’ भानगडीत न पडता श्वास आवरून ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे, घरातील इतरांनाही बाहेर आणावे, आणि खोकला, धाप किंवा छातीत जखडल्यासारखे वाटत असेल तर डॉक्टरांकडे जावे. फुप्फुसांना सूज येण्याचा त्रास कित्येक तासांनंतरही सुरू होऊ शकतो, म्हणून ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये. दोन द्रव एकाच दिवशी वापरायचेच असतील, तर पहिल्याचा मागमूस राहणार नाही इतके पाणी मध्ये ओतावे. खरे तर तीही गरज नसते. खरपुडीला आम्ल लागते, जंतूंना ब्लीच, आणि ही दोन कामे दोन वेगळ्या दिवशी करता येतात.

तीव्र आम्ल अंगावर उडाले तर काय करावे, असे आणखी एका पत्रात विचारले आहे. भिजलेले कपडे काढून ती जागा वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धरावी. डोळ्यात गेले असेल तर पापणी उघडी धरून तसेच धुवावे आणि तडक रुग्णालय गाठावे. सोडा चोळून आम्ल मारण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या क्रियेत निघणारी उष्णता इजा वाढवते आणि मोलाचा वेळही जातो. आम्ल गिळले गेले असेल तर उलटी करवू नये. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते.

प्रश्न : आंबट पदार्थ कोणत्या भांड्यात ठेवावेत?

उत्तर : काच, चिनी माती आणि चांगले स्टेनलेस स्टील यांत निर्धास्त ठेवावेत. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो, तो आम्लाने हळूहळू विरघळतो. टोमॅटोच्या रश्श्यावर घट्ट बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाला दुसऱ्या दिवशी टाचणीएवढी भोके दिसतात ती यामुळेच. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ मुळीच ठेवू नये. तो कळकतो, म्हणजे त्यात तांब्याचे क्षार उतरतात, आणि असा पदार्थ खाल्ल्यास मळमळ, उलट्या होतात. बिडाच्या भांड्यातून मात्र लोह उतरते. त्याने चव आणि रंग बदलतो, अपाय बहुधा होत नाही.

प्रश्न : टोमॅटो घातले की कडधान्य शिजत नाही आणि लिंबू पिळले की हिरवी भाजी काळपट पडते, हा अनुभव खरा की भास?

उत्तर : अगदी खरा. वनस्पतींच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहज सुटत नाही, म्हणून कडधान्य आधी मऊ शिजवून आंबट नंतर घालावे. हिरव्या भाजीत हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्लातील हायड्रोजन त्याला हुसकावून तेथे बसतो आणि हिरवा रंग करडा-शेवाळी होतो. ताटात वाढल्यावर लिंबू पिळले तर रंग बदलण्याच्या आत भाजी संपलेली असते.

प्रश्न : दुधात लिंबू पिळले तर ते फाटते, मग तेवढेच आंबट होऊनही दही एकसंध कसे लागते? आणि लसूण तेलात किंवा भाज्या बाटलीत भरून ठेवताना व्हिनेगर किती आवश्यक आहे?

उत्तर : दुधाचा सामू ६.७ च्या जवळपास असतो. त्यातील केसीन या प्रथिनाचे सूक्ष्म कण ऋण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दूध पातळ राहते. सामू ४.६ पर्यंत उतरला की हा भार नाहीसा होतो आणि कण एकत्र येतात. लिंबाचा रस पडतो तेथे हे एका क्षणात घडते. कण जे जवळ सापडतील त्यांना घाईने चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि पाणी वेगळे होते. विरजणातील जीवाणू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात ते काही तासांत, हळूहळू आणि दुधाच्या प्रत्येक थेंबात एकाच वेळी. कणांना रांगेने जोडले जाण्यास सवड मिळते, त्यांची जाळी विणली जाते आणि पाणी त्या जाळीतच अडकून राहते. आम्ल जवळपास तेवढेच, फक्त वेळेने फाटलेल्या दुधाचे आणि दह्याचे भाग्य वेगळे केले. लागत असलेले दही हलवले तर पाणी सुटते, कारण विणली जात असलेली जाळी तुटते.

दुसऱ्या प्रश्नातही योगायोगाने ४.६ हाच आकडा येतो. बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेस कारण असलेला जीवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो, पण सामू ४.६ किंवा त्याखाली असेल तर वाढू शकत नाही. तेल हवा रोखते, आम्ल पुरवत नाही. त्यामुळे तेलात बुडवलेली कच्ची लसूण बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. ती शीतकपाटात ठेवून थोड्याच दिवसांत संपवावी. व्हिनेगरमध्ये भरलेल्या भाज्यांत कृतीत दिलेले व्हिनेगरचे प्रमाण, ‘फार आंबट होते’ म्हणून, कधीही कमी करू नये. चव कमी आंबट हवी असेल तर थोडी साखर वाढवावी. कोलाविषयी लिहिताना सांगितलेली जिभेची फसवणूक येथे उपयोगी पडते, कारण साखरेने सामू बदलत नाही.

प्रश्न : मी सातवीत शिकते. घरातील कोणत्या वस्तू आम्ल आहेत हे मला स्वतः तपासायचे आहे. लिटमस कागद नाही. काय करू?

उत्तर : जांभळ्या कोबीची चार पाने बारीक चिरून मोठ्या माणसांच्या मदतीने गरम पाण्यात दहा मिनिटे ठेव आणि पाणी गाळून घे. त्या निळसर-जांभळ्या पाण्यात अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य उतरलेले असते, आणि तेच तुझे दर्शक. ते पांढऱ्या वाट्यांमध्ये थोडे थोडे ओत. एका वाटीत लिंबाचा रस, दुसरीत व्हिनेगर, तिसरीत दह्याचे पाणी, चौथीत खाण्याचा सोडा, पाचवीत साबणाचे पाणी घाल. एक वाटी तशीच राहू दे, म्हणजे रंग ताडून पाहता येतील. आम्लात रंग गुलाबी ते लाल होईल, सोड्यात निळा-हिरवट. शौचालयाचे द्रव आणि ब्लीच यांना मात्र हात लावू नकोस.

नंतर लिंबाच्या लाल वाटीत सोडा अगदी चिमटीचिमटीने टाकत जा. प्रत्येक चिमटीला फेस येईल, लाल रंग गुलाबी होईल, मग जांभळा. ज्या चिमटीला फेस आला नाही आणि रंग निळ्याकडे झुकला, ती कितवी हे वहीत लिहून ठेव. तेवढाच व्हिनेगर घेऊन त्याच्या वाटीलाही तसेच कर, आणि दोन्ही आकडे आम्हाला कळव.